आधी शिवा, मग कापा: ‘चर्न डॅश’ ब्लॉक झटपट पद्धतीने

ठिगळकामात खरा वेळ खातात ते सुटे त्रिकोण. चौकोन तिरका कापला की त्याची एक कड उरेब होते, म्हणजे कापडाच्या धाग्याला तिरकी जाते. ती हाताळताना ताणते, इस्त्रीखाली लांबते, मशीनखाली सरकते. असे आठ-दहा त्रिकोण जोडले की एकाचं टोक दुसऱ्याला मिळत नाही आणि मग उसवत बसायचं. अमेरिकेतल्या क्विल्ट शिवणाऱ्या बायकांनी (आणि काही पुरुषांनीही) यावर जो तोडगा काढला तो अगदी साधा आहे: त्रिकोण सुटा होऊच द्यायचा नाही. मोठ्या कापडावर आधी टीप मारायची आणि नंतर कापायचं. त्रिकोण हातात येतो तो जोडलेलाच.

झटपट पद्धत म्हणतात ती एवढीच. मशीन जोरात चालवणं म्हणजे झटपट नव्हे. पाव इंचाची टीप आणि इस्त्री या दोन गोष्टींना इथेही तितकाच वेळ लागतो, आणि तो द्यावाच लागतो.

गोधडी ज्या सारख्या नक्षीदार चौकोनांची बनते त्यांतला एकेक चौकोन म्हणजे ब्लॉक. शिकण्यासाठी मी ‘चर्न डॅश’ हा ब्लॉक निवडला आहे, कारण तो दिसतो गुंतागुंतीचा, पण त्यात फक्त तीन प्रकारचे तुकडे असतात आणि दोन झटपट युक्त्यांत तो संपतो. लोणी काढायच्या लाकडी भांड्यातल्या दांड्यावरून त्याला हे नाव पडलं. याच ब्लॉकला तिकडे ‘मंकी रेंच’, ‘होल इन द बार्न डोअर’, ‘शर्मन्स मार्च’ अशीही नावं आहेत. गाव बदललं की नाव बदलायचं. मंकी रेंचची गोधडी कुंपणावर वाळत घालून पळून जाऊ पाहणाऱ्या गुलामांना खूण दिली जायची, अशी एक कथा १९९९ नंतर फार पसरली. कथा सुरेख आहे, पण गुलामगिरीच्या काळातला तसा कुठलाही पुरावा इतिहासकारांना सापडलेला नाही.

ब्लॉक कसा आहे ते आधी पाहू

तीन ओळी, तीन रकाने, एकूण ९ घरं. चार कोपऱ्यांत दुरंगी चौकोन: अर्धा फिका, अर्धा गडद, तिरका जोड. चार बाजूंच्या मधल्या घरांत पट्टीचे चौकोन: एक फिकी आणि एक गडद पट्टी शेजारी शेजारी. आणि मध्यभागी एक सबंध फिका चौकोन. फिका रंग बाहेर, गडद रंग आत. त्यामुळे मधल्या चौकोनाभोवती गडद रंगाचं एक खाचा असलेलं कडं तयार होतं.

आपण १२ इंची ब्लॉक करू. १२ इंच हे तयार माप, म्हणजे चारही बाजूंना दुसरे ब्लॉक जोडल्यावर दिसणारं. नुसता ब्लॉक शिवून झाला की तो साडेबारा इंच भरला पाहिजे, कारण चारी बाजूंना पाव-पाव इंच माया, म्हणजे जोडात जाणारं जादा कापड असते. प्रत्येक घर तयार माप ४ इंच, जोडण्याआधी साडेचार इंच. हे साडेचार इंच लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच मापावर तपासायचं आहे.

या पद्धतीत एका वेळी दोन ब्लॉक निघतात. एकच हवा असला तरी दोन करा, कष्ट सारखेच.

कापड

सुती पॉपलीन किंवा केंब्रिक उत्तम. दोन बाय दोन रुबियाही चालतं. मलमल फार विरविरीत, ती सुरुवातीला नको. आपल्याकडे ओटीत आलेल्या ब्लाऊजपीसचा गठ्ठा बहुतेक घरांत असतोच, तो या कामाला बाहेर काढण्यासारखा आहे. मात्र त्यातले अर्धेअधिक पॉलिस्टर मिसळलेले निघतात. ओळखायचं असेल तर कडेचे दोन-चार धागे काढून चिमट्यात धरा आणि जाळून पाहा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख होते, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. एका ब्लॉकमध्ये दोन्ही जातींची कापडं एकत्र आणू नका: सुतीला लागणारी कडक इस्त्री पॉलिस्टरला सोसत नाही.

खणाचा मोह सगळ्यांनाच होतो. रंग आणि काठ अप्रतिम, पण कापलेल्या कडेचे धागे भराभर सुटतात आणि पाव इंच मायेतलं काय उरणार? हात बसल्यावर, मागून पातळ फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) चिकटवून मग खण घ्या.

कापड आधी धुऊन वाळवा. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, आणि लाल, मरून, गडद निळा हे रंग सुटतात. ओल्या कापडावर पांढरी चिंधी दाबून पाहा, डाग पडला तर पुन्हा धुवा. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो असं सर्रास सांगितलं जातं, त्यावर विसंबू नका. पांढऱ्या चिंधीवर रंग येतच राहिला तर ते कापड या कामातून बाद.

वाळल्यावर हलकी खळ द्या आणि इस्त्री करा. बाजारातला स्टार्चचा फवारा असेल तर तोही चालेल. ताठ कापड कापायला नेमकं येतं आणि उरेब कड हलत नाही. काम संपल्यावर मात्र गोधडी धुऊनच ठेवा, खळीच्या कापडाला झुरळं लागतात.

रंग निवडताना कोणता रंग आवडतो यापेक्षा गडद आणि फिका यांतला फरक किती आहे हे पाहा. लाल आणि हिरवा डोळ्यांना वेगळे दिसतात, पण शेजारी शिवले की दोन्ही सारखेच गडद वाटू शकतात आणि आकृती हरवते. दोन्ही कापडांचा मोबाईलवर कृष्णधवल फोटो काढा. फोटोत फरक दिसला नाही तर ब्लॉकमध्येही दिसणार नाही.

हत्यारं

साधी सरळ टीप मारणारं काळं पायमशीन पुरेसं आहे. किंबहुना या कामाला ते नागमोडी टाके घालणाऱ्या फॅशनेबल मशीनपेक्षा बरं, कारण त्याच्या पट्टीवरचं सुईचं भोक लहान असतं आणि कापडाचे कोपरे आत ओढले जात नाहीत. सुई नवी घाला, १४ नंबरची चालेल. दोरा शक्यतो सुती आणि बारीक. टाका थोडा लहान ठेवा, इंचाला साधारण १२ टाके.

कापण्यासाठी गोल पात्याचा रोटरी कटर, त्याखालची चटई आणि पारदर्शक पट्टी असेल तर काम फारच सोपं होतं. जपानच्या ओल्फा कंपनीने १९७९ मध्ये हा कटर आणला, आणि अमेरिकेतलं क्विल्टिंग त्यानंतर पार बदलून गेलं. आता तो आपल्याकडेही ऑनलाइन मिळतो, ४५ मिलिमीटर पात्याचा घ्या. पातं अत्यंत धारदार असतं: नेहमी स्वतःपासून दूर ढकलत कापा, पट्टीवरच्या हाताची बोटं कडेच्या आत ठेवा, आणि एक रेघ कापून झाली की पात्यावरचं झाकण लगेच बंद. लहान मूल घरात असेल तर कटर वापरून झाल्यावर कुलूपबंद कपाटातच.

कटर नसेल तर कैचीनेही सगळं होतं, फक्त रेघा आधी आखून घ्यायच्या. शिंप्याच्या खडूची रेघ जाड पडते, टोक काढलेली पेन्सिल बरी. जाड पुठ्ठ्याचा साडेचार इंचाचा नेमका चौकोन कापून त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारून ठेवा. एक्स-रेची जुनी फिल्म घरात पडली असेल तर ती सर्वांत छान, आरपार दिसतं. पट्ट्या टर्रकन फाडून घ्यायच्या असतील तर पाव इंच जादा रुंद फाडा, इस्त्री करा आणि मग मापात कापा, कारण फाडताना कड ताणली जाते.

मापं इंचातच घ्या. टेपच्या एका बाजूला सेंटिमीटर असतात, पण मध्येच त्यात शिरलात तर घोळ होईल. अपूर्णांकासाठी मी सुताची भाषा वापरते: एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, पाव इंच म्हणजे दोन सूत.

पाव इंचाची परीक्षा

ही पायरी गाळू नका. गाळलीत तर पुढचं काहीही मिळणार नाही.

दीड इंच रुंद आणि ३-४ इंच लांब अशा तीन पट्ट्या कापा. लांब बाजूने एकमेकींना जोडा, टीप कडेपासून पाव इंचावर. इस्त्री करा आणि मोजा. मधली पट्टी बरोबर १ इंच दिसली पाहिजे आणि तिन्ही मिळून रुंदी साडेतीन इंच. कमी भरली तर टीप आत जाते आहे, जास्त भरली तर कडेच्या फार जवळून जाते आहे.

बहुतेक वेळा नेमक्या पाव इंचावर टीप मारूनही रुंदी केसभर कमीच भरते. इस्त्रीनंतर जोडाच्या घडीत थोडं कापड जातं, म्हणून. तेव्हा टीप पाव इंचापेक्षा एक-दोन धागे बाहेर घ्यायची. ती जागा सापडली की मशीनच्या पट्टीवर तिथे चिकटपट्टीचे तीन-चार थर एकावर एक लावून धार तयार करा, आणि कापडाची कड त्या धारेला टेकवत शिवा. मशीनच्या पावलाच्या कडेवर भरवसा ठेवण्यापेक्षा हे खात्रीचं.

एवढी काटेकोरी कशासाठी? हिशोब करा. टीप अर्धा सूत आत गेली तर एका जोडात दोन्ही कापडांचा मिळून एक सूत जातो. ब्लॉकच्या आडव्या ओळीत दोन जोड, म्हणजे दोन सूत, म्हणजे पाव इंच. साडेबाराचा ब्लॉक सव्वाबाराच भरतो. शेजारचा ब्लॉक दुसऱ्या दिवशी, वेगळ्या हाताने शिवला आणि तो नेमका साडेबारा आला, तर दोघांचं जमणं कठीण.

कापणी, दोन ब्लॉकसाठी

गडद कापडातून १० इंचाचा एक चौकोन आणि अडीच इंच रुंद पट्टी, लांबी निदान ३७ इंच.

फिक्या कापडातून तेवढंच, शिवाय मधल्या घरांसाठी साडेचार इंचाचे दोन चौकोन.

४४ इंच पन्ह्याच्या कापडातून ही पट्टी आडवी सहज निघते. ब्लाऊजपीस ३६ इंच पन्ह्याचा असेल तर एक लांब पट्टी पुरणार नाही. १९-१९ इंचांच्या दोन पट्ट्या घ्या. किनारीचा घट्ट विणलेला भाग आधी कापून टाका, तो वेगळ्या प्रमाणात आटतो. चौकोन आणि पट्ट्या दोन्ही सरळ धाग्यावर कापायचे, तिरके नव्हे.

पहिली युक्ती: एका जोडीतून आठ दुरंगी चौकोन

१० इंचाचे गडद आणि फिका चौकोन सुलट बाजू आत करून एकमेकांवर ठेवा. कडा नीट जुळवून हात फिरवा, मग वरून एकदा इस्त्री दाबा. दोन्ही कापडं एकमेकांना धरून राहतात. फिक्या कापडाची उलट बाजू वर असू द्या. तिच्यावर पेन्सिलीने दोन्ही कर्ण आखा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. कैचीने कापणार असाल तर मधोमध एक उभी आणि एक आडवी रेघही वेगळ्या रंगाने आत्ताच आखून ठेवा. पाच-सहा टाचण्या लावा, पण कर्णाच्या रेघांपासून दूर.

आता प्रत्येक कर्णाच्या दोन्ही बाजूंना, रेघेपासून पाव इंचावर टीप मारा. एकूण चार टिपा. रेघेवर टीप मारायची नाही, ती कापायची रेघ आहे. टिपा मध्यभागी एकमेकींना छेदतात, छेदू द्या.

कापड टेबलावर सपाट ठेवा आणि न हलवता कापा. आधी उभा आणि आडवा काप, बरोबर ५ इंचांवर. चार लहान चौकोन होतात. मग कर्णाच्या रेघांवर काप. आठ तुकडे. प्रत्येक उघडा: आठ दुरंगी चौकोन, तिरका जोड आधीच शिवलेला. मधल्या काही टोकांवर छेदणाऱ्या टिपेचे दोन-तीन टाके अडकलेले दिसतील, हलकेच ओढा, निघून येतात.

इस्त्री अशी करा: तुकडा बंद असतानाच टिपेवर इस्त्री दाबा, मग गडद बाजू वर ठेवून उघडा आणि माया गडद रंगाकडे ढकलून दाबा. इस्त्री उचला, ठेवा, उचला. कपड्यांना करतो तशी मागे-पुढे घासली तर जोड उरेब असल्यामुळे चौकोनाचा पतंग होतो.

हे तुकडे आत्ता साधारण साडेचार इंच आणि एक सूत एवढे भरतात. तो एक सूत मुद्दाम ठेवला आहे. हिशोबाने पावणेदहा इंचाचा चौकोन पुरतो, पण मग शिवताना तसूभरही हलायची सोय राहत नाही. आता पारदर्शक पट्टीची ४५ अंशांची रेघ किंवा तुमच्या फिल्मवरची तिरकी रेघ तुकड्याच्या जोडावर तंतोतंत ठेवा, आणि चारही बाजूंनी थोडं थोडं छाटून नेमका साडेचार इंच करा. एका बाजूनेच सगळं छाटलं तर जोड कोपऱ्यातून सरकतो. टोकांना उरलेले मायेचे कान याच वेळी कापले जातात. आठ चौकोन छाटणं कंटाळवाणं आहे, खरंय, पण संपूर्ण ब्लॉकची सफाई इथेच ठरते.

इंटरनेटवर याच कामाची दुसरी एक युक्ती फार फिरते: दोन चौकोन एकमेकांवर ठेवून चारी कडांना टीप मारायची आणि मग दोन्ही कर्णांवर कापायचं. आखणी नाही, काही नाही, चार दुरंगी चौकोन तयार. दिसायला याहून सोपी, पण ती मी कुणाला सुचवणार नाही. त्यात काप उरेब जातो आणि तीच उरेब कड चौकोनाची बाहेरची कड बनते. म्हणजे ज्या त्रासातून सुटायचं होतं तो चारही बाजूंना घेऊन बसायचं. आपल्या पद्धतीत उरेब कड टिपेत बंद होते आणि बाहेरच्या चारी कडा सरळ धाग्यावर राहतात.

त्रिकोण कापण्याआधीच शिवण्याची ही कल्पना घराघरांत पोहोचली ती १९७० च्या दशकात, बार्बरा जोहाना यांच्यासारख्या शिकवणाऱ्यांमुळे. त्याच्याही आधीपासून नेब्रास्कातल्या डेव्हिड सिटीजवळचा अर्नेस्ट हेट हा शेतकरी घरच्या मशीनवर अशाच खटपटी करत होता. त्याचं शिक्षण इंजिनिअरिंगचं होतं, आणि ते त्याच्या कामात दिसतं.

दुसरी युक्ती: पट्ट्यांची जोडी

फिकी आणि गडद अडीच इंची पट्टी सुलट बाजू आत करून लांब कडेने जोडा. मायेला तोच पाव इंच. कापड मागून ओढू नका, पुढूनही ढकलू नका; मशीनचे दात जेवढं नेतील तेवढंच जाऊ द्या. लांब पट्टी ओढून शिवली की ती वाकते आणि मग तिच्यातून काटकोनी तुकडे निघत नाहीत.

गडद रंगाकडे माया दाबून इस्त्री करा. जोडीची रुंदी मोजा: साडेचार इंच आली पाहिजे. नसेल तर टीप उसवून पुन्हा मारा. इथे उसवणं एका लांब रेघेचं आहे, पुढे ते बत्तीस जागी होईल.

आता या जोडीचे साडेचार-साडेचार इंचांवर आडवे तुकडे करा, आठ. मोजायच्या पारदर्शक पट्टीची एक आडवी रेघ दर वेळी मधल्या जोडावर ठेवायची, कापडाच्या कडेवर नव्हे. दोन-तीन तुकड्यांनंतर टोक थोडं तिरकं झालेलं दिसलं तर सरळ करून मग पुढे जा, त्यासाठीच लांबी इंचभर जादा घेतली.

पट्ट्या आधी लांबच लांब शिवायच्या, मग आडव्या कापून नवी नक्षी जुळवायची, हे तंत्र फ्लोरिडातल्या सेमिनोल बायकांच्या हातात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुठल्या कुठे पोहोचलं होतं. हाताने फिरवायच्या मशीनवर त्या बोटभर रुंदीच्या पट्ट्यांतून घागऱ्यांचे आणि सदऱ्यांचे पट्टे तयार करायच्या. त्यांचं काम एकदा जवळून पाहा, आपली अडीच इंची पट्टी त्यापुढे ढोबळ वाटते.

जुळवणी आणि माळ

नऊ तुकडे टेबलावर मांडा. कोपऱ्यातल्या दुरंगी चौकोनांचा फिका अर्धा बाहेरच्या कोपऱ्याकडे. पट्टीच्या चौकोनांची फिकी पट्टी बाहेर, गडद पट्टी मधल्या घराकडे. मोबाईलवर फोटो काढून ठेवा. शिवताना एखादा तुकडा हमखास उलटा फिरतो, आणि तो फोटोत चटकन दिसतो.

आता प्रत्येक तुकडा दोरा तोडून वेगळा शिवायचा नाही. मधल्या रकान्याचा तुकडा डाव्या रकान्याच्या तुकड्यावर सुलट बाजू आत करून ठेवा, तिन्ही ओळींत. आधी एका घडी घातलेल्या चिंधीवर दोन-चार टाके मारून सुरुवात करा, म्हणजे दोऱ्याचा गुंता चिंधीवर होतो, कामावर नाही. मग पहिली जोडी शिवा, न थांबता, दोरा न तोडता दोन टाके रिकामे जाऊ द्या आणि लगेच दुसरी जोडी सरकवा, मग तिसरी. जोड्या पताकांच्या माळेसारख्या एकामागून एक बाहेर येतात. ही माळ तशीच ठेवून तिसऱ्या रकान्याचे तुकडे उजवीकडे जोडा. तिन्ही ओळी मधल्या दोऱ्यांनी एकमेकींना बांधलेल्या राहतात, त्यामुळे वरची ओळ खाली जाण्याचा प्रश्नच नाही. दोन्ही ब्लॉक एकदमच माळेत घेतले तर दोरा आणि वेळ दोन्ही वाचतात.

इस्त्रीची दिशा आता महत्त्वाची. वरच्या आणि खालच्या ओळीत माया मधल्या पट्टीच्या चौकोनाकडे दाबा. मधल्या ओळीत उलट, मध्यापासून दूर, दोन्ही बाजूंच्या पट्टीच्या चौकोनांकडे. असं केलं की ओळी एकमेकींवर ठेवताना वरची माया एकीकडे आणि खालची दुसरीकडे जाते, आणि जोड एकमेकांत खटकन बसतात. बोटाने चाचपून पाहा, जाडी एका जागी साठलेली लागली नाही तर जोड जुळला. तिथे एक टाचणी लावा. शिवताना सुई टाचणीजवळ आली की टाचणी काढा, तिच्यावरून मशीन चालवू नका.

ओळींच्या दोन्ही लांब जोडांची माया मधल्या ओळीकडे दाबा. कोपऱ्यातल्या चौकोनांत आधीच तिरका जोड आहे, त्यांच्यावर आणखी जाडी नको.

ब्लॉक मोजा. साडेबारा बाय साडेबारा. एखादा सूत इकडेतिकडे असेल तर चालतं. जास्त भरला म्हणून कडा सरसकट छाटायला मात्र जाऊ नका: गडद त्रिकोणांची टोकं ब्लॉकच्या कडेजवळ येतात, आणि त्या टोकांच्या बाहेर पाव इंच माया उरलीच पाहिजे. ती छाटली गेली तर पुढचा ब्लॉक जोडताना टोकं टिपेत जाऊन बोथट होतात.

दुसऱ्या मापाचा ब्लॉक हवा असेल तर

तयार ब्लॉकच्या मापाला तीनने भागा, एका घराचं तयार माप मिळतं. त्यात १ मिळवून दुप्पट करा, तो झाला मोठ्या चौकोनाचा आकार. घराच्या मापाच्या निम्म्यात अर्धा इंच मिळवा, ती पट्टीची रुंदी. घराच्या मापात अर्धा इंच मिळवा, तो मधला चौकोन आणि पट्टीचे आडवे काप.

९ इंची ब्लॉकसाठी: मोठा चौकोन ८ इंच, पट्टी २ इंच, मधला चौकोन साडेतीन. ६ इंचीसाठी: ६ इंच, दीड इंच, अडीच इंच. १५ इंचीसाठी: १२ इंच, ३ इंच, साडेपाच इंच. पहिल्यांदा ६ इंची करू नका. लहान तुकड्यांत अर्ध्या सुताची चूकही डोळ्यांत भरते.

पुढे काय करायचं

एका ब्लॉकचा उशीचा अभ्रा होतो. चारी बाजूंना साडेतीन इंच रुंद पट्टी जोडा: आधी साडेबारा इंच लांबीच्या दोन समोरासमोर, मग साडेअठरा इंचांच्या दोन. १८ इंचाच्या उशीला बरोबर बसतो.

अख्खी गोधडी करायची तर ब्लॉक एकमेकांना थेट चिकटवू नका असं मी सांगेन. सगळ्या ब्लॉकची माया एकाच दिशेला दाबलेली असते, त्यामुळे शेजारच्या ब्लॉकचे जोड एकमेकांत बसत नाहीत. एकाआड एक ब्लॉकची इस्त्री उलट्या दिशेने करावी लागते. त्यापेक्षा मध्ये फिक्या रंगाचीच अडीच इंची पट्टी घाला. चार ब्लॉक रुंदीला आणि सहा लांबीला, मध्ये आणि चारी कडांना पट्ट्या: गोधडी ५८ बाय ८६ इंच होते, एका माणसाला पुरेशी. ब्लॉक लागतात २४, म्हणजे वरचा उद्योग बारा वेळा. ४४ इंच पन्ह्याचं गडद कापड २ मीटर आणि फिकं साडेतीन मीटर घेतलंत तर आटणं आणि एखाददुसरी चूक धरूनही पुरतं.

बारा जोड्या एकेक करून करत बसू नका. एका दिवशी सगळी कापणी, दुसऱ्या दिवशी सगळ्या चौकोनांच्या टिपा, मग सगळी छाटणी, मग सगळ्या पट्ट्या. हात एकाच कामात असला की वेग आपोआप येतो. मात्र पहिले दोन ब्लॉक पूर्ण करून, मोजून, मगच बाकीच्या कापडाला हात लावा.

आत काय भरायचं हा प्रश्न आपल्याकडे सोपा आहे. अमेरिकेत कापसाचा किंवा पॉलिस्टरचा तयार थर घालतात. इथल्या हवेला मऊ झालेल्या सुती लुगड्याचे दोन-तीन थर पुरतात. खाली मांजरपाट, मध्ये लुगडं, वर तुमचे ब्लॉक. जमिनीवर सपाट पसरून, मधून कडांकडे हात फिरवत सुरकुत्या काढा, वीतभर अंतरावर कच्चे टाके घाला. मग धावदोरा ब्लॉकच्या जोडांपासून पाव इंच आत घ्या. तिथे मायेची जाडी सुईला आडवी येत नाही, आणि चर्न डॅशचं कडं खालच्या बाजूलाही टाक्यांनी उमटतं.